नंदा गेली

'नंदा गेली. पहाटे. बसने निघालो. पोपट.'

'रणपिसे परिवार' नावाच्या ग्रुपवर हा निरोप आला तेव्हा मैत्री कोथरूडच्या घरी मटार सोलत होती, म्हणजे निम्मे दाणे भांड्यात आणि निम्मे तोंडात असं चाललं होतं. आईबाबा संध्याकाळी कोकणातून परत यायचे होते आणि बाबांना आवडते म्हणून विशाखावहिनीने मटार उसळीचा बेत केला होता. मैत्रीने निरोप वाचला, पुन्हा वाचला आणि फोन वहिनीपुढे धरला.

तिचे बाबा, पोपटराव, ऐन पंचविशीत तार ऑफिसात चिकटले होते. तिथे शब्दाला पैसे पडत. तारा बंद पडून इतकी वर्षं झाली तरी त्यांचा शब्द काही स्वस्त झाला नाही. मैत्रीच्या बारावीच्या निकालावर त्यांनी 'वाचले. ठीक.' एवढंच कळवलं होतं, आणि संजयला मुलगा झाला तेव्हा गावाला 'मुलगा. दोघे सुखरूप.' त्यामुळे या निरोपात काही कमी आहे असं कुणालाच वाटलं नाही. मराठीत बासष्ट वर्षांची बाई पहाटे 'गेली' म्हटल्यावर फोड करून सांगावं लागत नाही.

मैत्रीने बाबांना फोन लावला. बंद. प्रवासात बॅटरी जपायची म्हणून ते फोन बंदच ठेवत. आईचाही बंद होता. मग तिने 'निळाई'ला फोन लावला.

'निळाई' तिनेच शोधून काढली होती. दापोलीच्या पुढे डोंगरावर चार खोल्या, मागे जंगल, समोर समुद्र. खास जोडप्यांसाठी. लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि दोघं एकटे म्हणून कधी कुठे गेले नाहीत, याचं आईबाबांपेक्षा तिलाच वाईट वाटत होतं. पलंगावर फुलांच्या पाकळ्या, गच्चीत मेणबत्तीच्या उजेडात जेवण, सगळं तिने इथून ठरवून दिलं होतं.

"हां, रणपिसे मॅडम ना?" तिथल्या व्यवस्थापकाचा आवाज तुटत तुटत आला. "पहाटेच गेल्या हो. आम्हाला पत्ताच नाही. साहेब एकटेच बाल्कनीत बसलेले दिसले तेव्हा कळलं."

"त्रास... त्यांना काही त्रास झाला का?"

"छे, अगदी शांतपणे. रात्री जेवल्यासुद्धा नीट. साहेबांना तेवढं सांभाळा. फार मनाला लावून..."

तेवढ्यात रेंज गेली, ती पुन्हा लागलीच नाही. मैत्री तशीच जमिनीवर बसली. मटारची टरफलं तिच्या मांडीवर होती आणि ती एकेक उचलून परत भांड्यात टाकत होती.

संजय बँकेतून आला तो बूट न काढताच. थोरला मुलगा म्हणून रडायच्या आधी कुणावर तरी ओरडणं त्याला भागच होतं.

"तुला कुणी सांगितलं होतं त्यांना डोंगरावर पाठवायला? आईचं बीपी, जवळपास डॉक्टर नाही..."

"तूच छान आहे म्हणालास."

"मी फोटो बघून म्हणालो. आईला विचारलं होतंस का, तुला जायचंय का म्हणून?"

"आईला काय विचारायचं?" मैत्री म्हणाली. "आईला काहीही चालतं."

"चालायचं," संजय म्हणाला, आणि भिंतीला डोकं टेकून रडायला लागला. मघापासून अडलेलं मैत्रीचं रडू त्या एका शब्दाने सुटलं. बहीणभाऊ गेल्या दिवाळीपासून एकमेकांशी धड बोलत नव्हते. आता ते एकमेकांना धरून उभे होते.

यमुनाबाई पर्वती पायथ्याहून रिक्षाने आल्या. पोपटरावांची ही थोरली बहीण. संजय-मैत्रीची आत्या, बाकी सगळ्यांची अक्का. पांढरं लुगडं नेसूनच आल्या आणि घर ताब्यात घेतलं. सतरंज्या घातल्या, मेणबत्त्या काढल्या, बौद्धाचार्यांना निरोप धाडला. मग म्हणाल्या, "तिचा फोटो द्या."

तर फोटो मिळेना. कपाटं झाली, अल्बम झाले. नंदाताई सगळीकडे होत्या, पण कुठे नातवाला घेऊन, कुठे शाळेच्या पोरांच्या मागे, कुठे पंगतीत वाढताना वाकलेल्या. एकट्या कुठेच नव्हत्या. शेवटी बैठकीतला जोडीचाच फोटो उतरवून टेबलावर ठेवला. हार एकीकडेच घालावा म्हणून संजयने खूप खटपट केली. हार घसरून खाली यायचा. अखेर तो दोघांना मिळून घातला.

"राहू द्या," यमुनाबाई म्हणाल्या. "तोबी मेल्यातच जमा."

ग्रुपवर एव्हाना भावपूर्ण श्रद्धांजलीची रीघ लागली होती. मैत्रीनेही लिहिलं, रडत रडत: 'आमच्या आईने आयुष्यात कधी काही मागितलं नाही.' सातारच्या काकांनी हलणारी फुलं पाठवली.

विशाखा मात्र रडत नव्हती, आणि सून रडत नाही हे आलेल्या बायकांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. रडायचं ती विसरली होती, कारण तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तिने संजयला आत बोलावलं.

"बाबा बसने का येतायत?"

"मग काय विमानाने येतील?"

"तसं नाही. आईंना तिथे ठेवून बसने?"

संजयने तिच्याकडे पाहिलं. "गाडी मागून येत असेल. बाबा स्वतःसाठी कधी रिक्षा करत नाहीत, ते ॲम्ब्युलन्समध्ये बसतील होय?" बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते पटलं नाही. पण बाहेर माणसं आली होती, तो गेला.

विशाखाने औषधांचा खण उघडला. थायरॉईडच्या गोळ्यांची एकही पट्टी नव्हती. सासूबाईंची बॅग भरायला तिनेच मदत केली होती. तीन दिवसांसाठी एवढ्या पट्ट्या कशाला, असं तिने विचारलंही होतं. "असू देत गं," नंदाताई म्हणाल्या होत्या. त्यांनी जाड शालही घेतली होती, आणि कोकणात शाल लागत नाही हे पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. आशा वाटावी की भीती, हे विशाखाला ठरवता येईना. तिने खण लावून टाकला आणि गप्प राहिली.

दिवेलागणीला पोपटराव आले.

दापोलीपासून ते एकच विचार करत आले होते की मुलांना सांगायचं कसं. एक वाक्य जुळवायचं, ते बरं वाटायचं नाही, मग दुसरं. शब्द कमी करायची सवय त्यांना होती; जास्तीचे कुठून आणायचे हे ठाऊक नव्हतं. जिना चढताना दारापाशी चपलांचा ढीग दिसला. आत सतरंजीवर माणसं बसलेली. मेणबत्त्या. पांढऱ्या लुगड्यात अक्का.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मैत्री उठली, "बाबा" म्हणून त्यांच्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून त्यांना टेबल दिसलं. त्यावर त्यांचा स्वतःचा हार घातलेला फोटो होता. क्षणभर त्यांना वाटलं, आपणच गेलो. घाटात कुठेतरी बस कोसळली आणि आपल्याला कळलं नाही.

"मला कशाला हार घातलाय?"

"भरमलाय बिचारा," यमुनाबाई म्हणाल्या. "बस रे बाबा खाली. पाणी द्या त्याला. नंदाला कुठं ठेवलंय? गाडी कधी येती?"

"कसली गाडी?"

"अरं, नंदाची."

"नंदा बसने गेली," पोपटराव म्हणाले. "पहाटेच्या. लिहिलं होतं की मी."

संजय सावकाश पुढे आला. "बाबा, आई जिवंत आहे?"

"म्हणजे काय? असणारच."

"तुम्ही 'गेली' लिहिलंत!"

"गेलीच. निघून गेली." पोपटराव आता सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. काय झालंय ते हळूहळू त्यांच्या ध्यानात येत होतं, आणि तरी त्यांच्यातला जुना कारकून आधी बोलला. "वारली असती तर 'निधन' लिहिलं असतं. तारेत त्याला वेगळा शब्द असतो."

मैत्री हसायला लागली, आणि ते हसणं थांबेना म्हणून तिला विशाखाने आत नेलं. जमलेल्या बायका एकेक करून उठल्या. अशा वेळी काय बोलायचं याचा रिवाज कुणालाच माहीत नव्हता. घरात फक्त घरचे उरले.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण घोटभरच. मग संजयच्या डोक्यात दुसरा शब्द उतरला.

"निघून गेली म्हणजे? भांडलात?"

"नाही."

"मग काय झालं तिथे?"

"काही झालं नाही." पोपटराव घोटभर पाणी प्यायले. "खोली चांगली होती. पलंगावर फुलं टाकली होती, ती झटकली. नळ गळत होता, तो मी दुरुस्त करवून घेतला. ती बाल्कनीत बसायची, समुद्र बघत. मी पण बसायचो. काल संध्याकाळी बाहेर टेबल मांडलं, मेणबत्ती लावली. ती म्हणाली, बोला काहीतरी. मी म्हटलं, काय बोलू? ती म्हणाली, काहीही. मला काही सुचलं नाही. तिथे पेपरही येत नाही." ते थांबले. "मग ती म्हणाली, घरी टीव्ही चालू असतो म्हणून कळत नाही. आणि आज पहाटे जागा झालो तर तयार होऊन उभी. म्हणाली, जाते मी."

"जाते म्हणाली?" यमुनाबाईंनी विचारलं. "येते न्हाई?"

"जाते."

यमुनाबाईंनी डोळे मिटून घेतले. घरातून निघणारी बाई 'जाते' म्हणत नाही. चूल विझवून निघाली तरी म्हणत नाही. चाळीस वर्षं नंदाताई भाजी आणायलाही 'येते हं' म्हणून गेल्या होत्या.

"आणि तुम्ही?" संजयने विचारलं. "थांबवलं नाहीत?"

"मी म्हटलं, बरं."

"बरं?"

"झोपेत होतो," पोपटराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा कधी नव्हे तो केविलवाणा झाला.

विशाखा दारात आली. "तीन महिन्यांच्या गोळ्या नेल्यात त्यांनी," ती म्हणाली. "शालही. मला दुपारीच शंका आली होती."

"आणि तू गप्प बसलीस?" संजयचा आवाज चढला.

"काय सांगू? तुम्ही सगळे रडत होतात. मध्येच उठून म्हणू, की आई मेल्या नसतील, आपल्याला सोडून गेल्या असतील? यातलं कमी वाईट कुठलं, तेच मला कळेना."

"विशाखाला काय बोलतोस?" मैत्री तिच्या मागून म्हणाली. "तिला निदान गोळ्या दिसल्या. तुला काय दिसलं?" दुपारी भावाला धरून रडलेली मैत्री आता वहिनीच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती.

संजय उत्तर देणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर 'आई' अशी अक्षरं होती. त्याच फोनवरून दुपारी त्याने निम्म्या पुण्याला आईच्या जाण्याची बातमी दिली होती. मैत्रीनेच फोन घेऊन मोठ्या आवाजावर टाकला.

"संजय? अरे किती फोन केलेत. चार्जर यांच्या बॅगेत राहिला. आत्ता कुठे चालू झाला."

तो आवाज ऐकून मैत्री ओक्साबोक्शी रडायला लागली.

"रडू नकोस गं. ग्रुप वाचला मी," नंदाताई म्हणाल्या. "सातारच्या भाऊजींना म्हणावं फुलं छान आहेत, हलतात."

"आई, आम्हाला वाटलं..."

"कळलं मला. यांचं लिहिणं मला माहीत नाही का?" त्या थोड्या थांबल्या. "सगळ्यांनी चांगलंच लिहिलंय. पण सगळ्यांनी एकच लिहिलंय. कधी काही मागितलं नाही. मैत्री, तूसुद्धा. वाचून मलाच वाईट वाटलं बघ. एवढं आयुष्य काढलेल्या बाईबद्दल कुणाला दुसरं काही आठवेना."

मैत्रीने डोळे पुसले. नंदाताईंचं संपलं नव्हतं.

"म्हणून आता मागते. मला न्यायला येऊ नका."

"आहेस कुठे?" संजयने विचारलं.

"पुण्यातच. शनिवार पेठेत. माझ्या शाळेतली रुकसाना इनामदार माहितीये ना? तिची वरची खोली रिकामी झालीये. ती मी घेतली."

पुण्यातच. एका बसच्या अंतरावर. ते ऐकून संजयला आईच्या मरणाच्या बातमीपेक्षाही जोराचा धक्का बसला. दूर गेलेलं माणूस समजतं. इतक्या जवळ राहून परत न येणारं माणूस कसं समजायचं?

पोपटराव फोनपाशी वाकले. "नंदा, माझं काय चुकलं?"

"अहो, तुमचं काही चुकलं नाही. दारू प्यायला नाहीत, हात उचलला नाहीत, पगार आणून हातात दिलात. घर भरलेलं होतं तोवर मलाही काही वाटलं नाही. बॅग भरतानाही जायचं नक्की नव्हतं. पण तिथे तीन दिवस तुमच्यासमोर बसले आणि पुढची सगळी वर्षं दिसली मला. मी समोर असले काय, नसले काय, तुम्हाला सारखंच."

"सारखं नाही."

"मग तसं म्हणायचंत ना."

पोपटरावांनी तोंड उघडलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मैत्री मनातल्या मनात म्हणत होती, बोला बाबा, आत्ता तरी बोला. शब्द आले नाहीत. पलीकडे नंदाताईंनी बराच वेळ वाट पाहिली.

"बरं, ठेवते," त्या म्हणाल्या. "विशाखाला म्हणावं, तू छान सांभाळतेस घर."

फोन बंद झाल्याबरोबर संजयने गाडीची किल्ली उचलली. "मी घेऊन येतो तिला. चार दिवस कुणाच्या खोलीत राहिली की..."

"बस खाली," यमुनाबाई म्हणाल्या.

"आत्या, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी तर तिला पोचवून पन टाकलीय. आता आनिक काय म्हनायचं ऱ्हायलंय?" त्यांनी भिंतीला टेकून पाय पसरले. दुपारपासून घर दणाणून सोडणाऱ्या बाईचा आवाज आता अगदी साधा झाला होता. "मी इतकी वर्सं एकटी ऱ्हाते. कुनी इचारलं का मला, एकटी का ऱ्हातेस म्हनून? न्हाई. नवरा मेला होता ना, म्हनून माफ. बाईला एकटं ऱ्हायाचं तर कुनीतरी मरावं लागतं. एक तर त्यानं, न्हाई तर तिनं. नंदानं कुनाला मारलं न्हाई. नुसती खोली घेतली. त्यात तुमच्या घरात सुतक आल्यावानी तोंडं झाली."

संजयने किल्ली खाली ठेवली, पण आशा सोडली नव्हती. मैत्रीलाही आत्याचं पटत होतं. पण आईने आपल्याला तरी सांगायला हवं होतं, हे तिच्या मनातून जात नव्हतं. भावाला काही टोचून बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"एक करू," संजय म्हणाला. "गैरसमज झाला असं सांगू. आई विपश्यनेला गेलीये, तिथे फोन बंद असतात. शिबिर लांबलं म्हणू. पुढचं पुढे."

"पटेल लोकांना," मैत्री म्हणाली. "हो ना बाबा?"

पोपटरावांनी मान हलवली. ती होकाराची होती. आयुष्यभर या घराची अब्रू त्यांनी कमी बोलूनच राखली होती. आणखी एक गोष्ट न बोलणं त्यांना जड नव्हतं. विशाखा फोटोवरचा हार काढायला गेली.

तेवढ्यात बेल वाजली. पोपटराव दारापाशीच होते, त्यांनीच उघडलं. खालच्या मजल्यावरचे पाटणकर आणि त्यांच्या पत्नी उभे होते. पाटणकर सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना बातमी उशिरा कळली याचंच त्यांना जास्त वाईट वाटलेलं दिसत होतं.

"रणपिसे, फार वाईट झालं हो," पाटणकरांनी त्यांचा हात हातात घेतला. "वहिनी म्हणजे देवमाणूस. कधी कशाबद्दल तक्रार नाही, कधी आवाज नाही. जिन्यात भेटल्या तरी आपणच बाजूला होणार."

संजय घाईने पुढे झाला. "काका, अहो त्याचं काय झालं..."

पोपटरावांनी दुसरा हात मागे करून त्याला थांबवलं.

"अगदी एकाएकी," पाटणकर म्हणाले. "कशाने गेल्या हो?"

"माझ्यामुळे," पोपटराव म्हणाले. पाटणकरांच्या हातातून त्यांचा हात सुटला. "जिवंत आहे ती. आत या, बसा. सांगतो."